बोलका टॅब

"ताई, बॅटरीची क्षमता निम्म्यावर आलीय," टॅब तपासून सुहास म्हणाला. "पोरगी दिवसभर गेम खेळते वाटतं?"

नसीमने शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या लेकीकडे पाहिलं. "सायमाला जन्मापासून बोलता येत नाही. ती चित्रांवर बोट ठेवते आणि हा टॅब तिच्यासाठी बोलतो. सकाळी डोळे उघडले की हिच्या गप्पा सुरू."

सुहास ओशाळला. टॅब दोन दिवस दुकानात ठेवून जा, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. दुरुस्तीला घेतलेला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मोबाइल बाजूला सारून तो लगेच कामाला लागला. नवी बॅटरी बसेपर्यंत सायमा त्याच्याकडे टक लावून बघत होती.

स्क्रीन उजळली. तिचं वाकडं बोट थरथरत एकेका चित्रावर टेकलं आणि टॅबमधून आवाज आला, "काका. काम. जीभ. बाहेर."

नसीम लाजून हसली. "काम करताना तुमची जीभ बाहेर येते म्हणतेय."

सुहासचा हात नकळत ओठांकडे गेला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. भारावून तो त्या इवल्या बोटाकडे बघत राहिला. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

"अजून काय काय पाहिलंस? सांग."