अर्ध्या वाक्यातली माणसं

नवऱ्याचा डोळा लागला तशी तिने त्याच्या हातातली कादंबरी हळूच काढून घेतली. एकाच पुस्तकात दोघांच्या दोन खुणा होत्या. डायलिसिसच्या खाटेवर त्याचा एक हात यंत्राला जोडलेला असायचा, मोकळ्या हाताने तो वाचायचा. तो झोपला की हिची पाळी.

पुस्तक मुलीने दिलेलं. जग बुडालंय, वीज नाही, पाणी नाही, आणि उरलीसुरली माणसं डबाबंद अन्न शोधत ओसाड गावांतून चालताहेत. यातला हा नायक वर्षानुवर्षं चालतोय आणि याची चप्पल काही तुटत नाही, असं म्हणून नवऱ्याने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. तरी पुस्तक दोघांनाही सोडवत नव्हतं.

तिला तर ते जग बरंच वाटायला लागलं होतं. कुणाचा फोन नाही. दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवायच्या नाहीत, अर्ध्या रजेसाठी सुपरवायझरच्या विनवण्या नाहीत. रिक्षा नाही, जिना नाही, त्याच्या पथ्याचा वेगळा स्वयंपाक नाही, आणि एक दिवस उलटला की पुन्हा खाटेशेजारची हीच खुर्ची नाही. इतकी पिचून गेली होती बिचारी, की बुडालेलं जग तिला सुट्टीसारखं दिसत होतं.

आणि तेवढ्यात ते वाक्य आलं. वीज गेली तशी यंत्रांवर जगणारी माणसं पहिल्याच आठवड्यात संपली, असं लिहून, स्वल्पविराम देऊन, लेखक पुढे रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांकडे वळला होता. तिने ते परत वाचलं. मग पुस्तक तसंच मांडीवर ठेवून बसून राहिली.

"आलं वाटतं ते," नवरा म्हणाला. तो केव्हाचा जागा होता.

काही कळलंच नाही असं दाखवावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिने मान हलवली.

"अर्ध्या वाक्यात गुंडाळला गं मला. पुरतं वाक्यसुद्धा नाही दिलं." तो हसला. मग त्याने विचारलं, "वाचून काय वाटलं? खरं सांग."

खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं.

"सुटल्यासारखं वाटलं," ती म्हणाली.

बोलून गेली आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. नवरा मात्र चिडला नाही. त्यालाही तसंच वाटलं होतं, त्याने सांगितलं. आपल्यापायी ती डोळ्यांदेखत झिजतेय, हे त्याला आता बघवत नव्हतं.

"शुक्रवारी नको यायला," तो म्हणाला. "पुढेही नकोच."

न येण्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता.

यंत्र थांबलं. टेक्निशियन मुलीने येऊन त्याच्या दंडातल्या सुया काढल्या आणि कापूस ठेवला. तो घट्ट दाबून धरायचा, नाहीतर रक्त थांबत नाही; हे काम ज्याचं त्याने मोकळ्या हाताने करायचं, अशी तिथली रीत. आज नवऱ्याने हात उचललाच नाही. कापूस लाल व्हायला लागला तशी ती उठली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून उभी राहिली.

"तूच म्हणालीस ना, सुटल्यासारखं वाटलं?"

"म्हणाले. अजूनही वाटतंय." तिचा आवाज अगदी साधा होता. "शुक्रवारी मी रिक्षा बोलावणार. बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. ओढून आणायची ताकद नाही माझ्यात."

दाबून दाबून तिचे अंगठे पांढरे पडले होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने दुसरा हात उचलला, तिची बोटं बाजूला सारली आणि कापूस स्वतः दाबून धरला.

"सरक," तो म्हणाला. "बस जरा."