टाळीच्या आधी

चौथं गाणं सुरू व्हायचं, तर रामिरोने गिटार गळ्यातून काढली आणि कमरेवर हात ठेवून तळघरातल्या त्या दोनशे माणसांकडे बघत उभा राहिला. तिसऱ्या गाण्याच्या टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. आमच्या नागोयात टाळ्या थांबल्या की थांबतात. मग कुणी शीळ घालत नाही, शेजाऱ्याशी कुजबुजतही नाही. पुढच्या सुराची वाट बघतात. हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही, पण अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसहून आलेल्या माणसाला कोण सांगणार?

"यांना विचार, मेलेत का सगळे?" रामिरो स्पॅनिशमध्ये म्हणाला. रंगमंचाच्या कडेला माईक घेऊन उभी असलेली चिहारू त्याची दुभाषी होती. "आमच्याकडे लोक माझ्या गिटारचे सूरसुद्धा गळ्याने गातात. परवा कोरियात, सोलला सगळं सभागृह शब्दन् शब्द गात होतं, मला माझाच आवाज ऐकू येईना. आणि इथे? मयताला आल्यासारखे उभे आहेत. ओरडणार असतील तर वाजवतो. नाहीतर मी चाललो. सांग त्यांना."

पडद्याआडून आयोजक हमागुचीने चिहारूकडे बघत तळहात हवेत मागेपुढे फिरवला. म्हणजे जरा इस्त्री कर. दुपारीच त्याने बजावलं होतं, "या दौऱ्यात अजून सहा शहरं आहेत. सगळी तुझी. फक्त कडू असेल ते वाटेत सांडून यायचं."

चिहारू नऊ वर्षं तेच करत आली होती. एका फुटबॉल प्रशिक्षकाने सगळ्या संघाला गाढवं म्हटलं, तेव्हा तिने 'सुधारणेला वाव आहे' असं सांगितलं होतं आणि पोरांनी कमरेत वाकून त्याचे आभार मानले होते. पोट त्यावरच चालत होतं. पण मयत हा शब्द तिला झोंबला. समोरची माणसं कामावरून लवकर सुटून, बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवून, तासभर आधी येऊन उभी राहिली होती. तीही यांच्यातलीच होती.

तिने माईक तोंडाशी नेला आणि रामिरो जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. 'मेलेत का'सुद्धा.

हमागुचीने कपाळाला हात लावला.

कुणी हूं की चूं केलं नाही. ओसाका असतं तर निदान एखादी शिवी तरी आली असती. मग पहिल्या रांगेतून, शाळेत करतात तसा, एक हात वर झाला. निवा-सान. सेतोच्या चिनीमातीच्या कारखान्यात एकतीस वर्षं चहाच्या कपांना कान चिकटवणारा, इथल्या प्रत्येक कार्यक्रमाला येऊन सगळ्यांच्या ओळखीचा झालेला माणूस. अंगातल्या शर्टावरचं रामिरोच्या बँडचं नाव धुऊन धुऊन निम्मं उडालेलं.

"मी बोलू का?"

"चिहारू, माईक बंद कर," मागून हमागुची दबक्या आवाजात म्हणाला. "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

चिहारू एक पाऊल पुढे सरकली. "बोला, निवा-सान."

"त्यांना सांगा, दुसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला त्यांची सगळ्यात जाड तार उतरली. तिसरं गाणं त्यांनी तशाच तारेवर वाजवलं. सोलला हे कुणाच्या कानावर आलं नसतं, सगळे गात होते ना. आम्हाला कळलं." निवा-सानने घसा साफ केला. "आम्ही मेलेलो नाही. ऐकतोय. ओरडायचंच असेल तर मी घरी ओरडतो, बायको आहे. तारेवरून बोट सरकतं तो बारीक आवाज रेकॉर्डमध्ये येत नाही. तेवढ्यासाठी दोन गाड्या बदलून आलोय. त्यांना जायचं असेल तर खुशाल जा म्हणावं. पण आधी तार लावा म्हणावं."

चिहारूने हेही इस्त्री न करता सांगितलं. बायकोसकट.

रामिरोचा चेहरा लाल झाला. त्याने ड्रमवाल्याकडे पाहिलं, ड्रमवाला छताकडे बघू लागला. मग रामिरोने गिटार उचलली आणि जाड तार छेडली. ती उतरलेलीच होती. दोनशे जणांनी ऐकली, हसलं कुणी नाही.

तो खुंटी पिळू लागला. जरा पिळून थांबला, छेडली आणि भुवई उंचावून निवा-सानकडे पाहिलं. निवा-सानने मान हलवली. नाही. अजून थोडी. पुन्हा पिळली, पुन्हा पाहिलं. या वेळी निवा-सानने होकार दिला.

रामिरोने वाकून ॲम्प्लिफायरचा आवाज जवळजवळ मिटवला. बाकीच्यांना हाताने थांबवलं आणि एकटाच एक संथ गाणं वाजवू लागला. तारेवरून त्याचं बोट सरकलेलं अगदी मागच्या भिंतीपाशीही ऐकू येत होतं. निवा-सानने डोळे मिटून घेतले होते.

शेवटचा सूर छेडून रामिरोने हात बाजूला घेतला. टाळी नाही. तो वाट बघत राहिला. समोर एकही बोट हललं नाही. आता मात्र तो घाबरला. चिहारूच्या बाजूला झुकून पुटपुटला, "काय झालं? याच्यातही चुकलो का मी?"

चिहारूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गप राहा. अजून वाजतंय."