कडी

मालकीणबाईंनी झोपायच्या खोलीचं दार लोटलं, पुन्हा ओढलं आणि विचारलं, "याला कडी नाही?"

खलाशांचा म्होरक्या तांडेल दाराकडे बघतच राहिला.

लढाईसाठी नौदलाने बाईंची ही सहलीची बोट मागून घेतली होती. आता परत द्यायची म्हणून तांडेल आणि त्याचे चौघे महिनाभर खपले होते. करडा रंग खरवडून पांढरा दिला, पुढची तोफ उतरवली, खिडक्यांवरचे पोलादी पत्रे कापून काचा बसवल्या. बाईंनी घेतली तर ठीक, नाहीतर बोट भंगारात जाणार होती. कडीची आठवण मात्र कुणालाच झाली नव्हती.

"पडदेही वाकडेच दिसतायत," बाई म्हणाल्या.

"आमच्या लंबूनं शिवलेत. त्याला सरळ फक्त तोफ लावता येते." तांडेल हसला नाही. "कड्या आम्हीच काढल्या, बाई. सगळ्या दारांच्या. गोळा लागून बोट कलली, दारं चौकटीत आवळली. दोघे आतून कडी लावून झोपले होते. दार फोडेपर्यंत उशीर झाला."

बाईंनी चौकटीवर हात ठेवला. "पण माझ्या मुली येणार, जावई येणार. दार लागायला नको?"

"लावून देतो. आत्ताच."

लंबू बोळात अवजारांची पेटी घेऊन उभा होता. तो पुढे झाला नाही.

"अरे, भंगारात जाईल ती," तांडेल हळूच म्हणाला.

"कळतंय. पण तुम्हीच लावा." लंबूने पेटी खाली ठेवली.

तांडेलने कडी बसवली. एक स्क्रू तिरका गेला, तो त्याने तसाच राहू दिला. बाई आत गेल्या. दार लागलं, आतून कडी सरकली.

खिडकीशी जरा वेळ उभ्या राहून बाईंनी दार उघडलं, तर समोर पाचही जण खांद्याला खांदा लावून उभे. हाक कुणी मारली नव्हती. स्वयंपाक्याचे हात साबणाने भरलेले होते. लंबूच्या हातात कुऱ्हाड होती.

"काय झालं?"

"कुठे काय," म्हणत लंबूने कुऱ्हाड पायामागे घेतली.

बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "घेते मी बोट," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकी भिंतीला टेकून खाली बसला. मग लंबू, मग बाकीचे, शेवटी तांडेल. अरुंद बोळ पायांनी भरून गेला. बाईंना बाहेर पडायला वाट उरली नाही. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मग उंबऱ्यावरच टेकल्या.