चंद्रभागाबाईची जागा

साहेब, फडात ऊस तोडताना मेलेल्या चंद्रभागाबाईचं नाव कारखान्याच्या हजेरीच्या यादीतून तुम्हीच पुसायला लावलंत, कुणी जाब विचारू नये म्हणून.

सिरसाळ्यात ऊसतोड टोळ्यांच्या हजेरीचं अॅप सांभाळणाऱ्या मनिषानं ते मुकाट्यानं पुसलं. तेव्हापासून अॅप सुरूच होईना. अॅप ज्या तयार कोडच्या लायब्ररीवर चाले, तिचा एकच एरर येई: लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही, चंद्रभागाबाई पाहिजे.

"लायब्ररीला बाई कावून लागंल, मनिषाताई?" सोबतचा युवराज हसला. "जुनी आवृत्ती टाका की."

तिनं जुनी टाकली, नवी टाकली, शेवटी कोरा लॅपटॉप आणला. तीच ओळ.

आज दुपारी एरर आपोआप गेला. स्क्रीनवर आलं: जागा भरली. मनिषा, फडात हजर.

युवराज हसायचा थांबला. मनिषा खुर्चीतच होती, पण तिच्या तळहातावर कोयत्याचे ताजे फोड होते.

साहेब, उत्तर द्या. बाहेर टोळीचा ट्रक कुणासाठी हॉर्न वाजवतोय?