भेकराचा बार

“छर्रे नको. एकच गोळी घाल,” नवरा म्हणाला.

द्वारकेचा हात छर्‍यांच्या डबीवरच थांबला. तिच्या माहेरी बंदुका दुरुस्त व्हायच्या, म्हणून इथेही ठासणीच्या बंदुकीत बार तीच भरायची. “भेकरासाठी गोळी कशाला?”

“डुक्कर समोर आलं तर?”

ओटीवर धाकटा दीर चहा पीत होता. काल त्याने आंब्याच्या कलमांची वाटणी मागितली, तेव्हा नवरा ताटावरून उठून गेला होता. आज त्यानेच भावाला रानात हाका द्यायला, झुडपांच्या जाळीतलं जनावर बंदुकीपुढे हाकलायला बोलावलं होतं.

“जपून भर हो, वहिनी,” दीर म्हणाला. “भेकराच्या आधी जाळीतून मीच बाहेर येतो.”

नवरा हसला नाही.

तिने दोघांकडे पाठ केली. काथ्याचा बोळा गजाने ठासला, त्यावर गोळी, वर पुन्हा बोळा. बंदूक नवऱ्याच्या हातात देताना तिने नजर खाली ठेवली.

संध्याकाळी दोघे रिकाम्या हाताने परतले. “नुसती घोड्याखालची केप टचकन वाजली. बार उडालाच नाही,” दीर पाय धुताना सांगू लागला. “नळी माझ्याकडेच होती, वहिनी. दादाला वाटलं, भेकरूच आलं.”

दीर आत गेल्यावर नवऱ्याने पडवीत बसून नळीतले बोळे उपसले, गोळी काढली. मग नळी उलटी धरून तळहातावर झटकली. दारूचा एक कणही पडला नाही.

गोळी त्याने तिच्या हातावर ठेवली. “उद्या बार मी भरतो,” तो शांतपणे म्हणाला. “तूही ये हाक्याला.”