विचारलं का त्यानं?

"चौऱ्याऐंशी डॉलर," डेल्फीन म्हणाली. तिने औषधाच्या दुकानातल्या संगणकावरची नजर वर उचलली नाही.

रेव्हरंड ब्रॉडनॅक्स यांनी पाकीट उघडलं, आत पाहिलं, मिटलं.

"मागल्या खेपेला पस्तीस होते, पोरी."

"छापील भाव वाढलाय, रेव्हरंड."

"छापणाऱ्याचे हात कसे दुखत नाहीत म्हणतो मी."

एरवी ती खळखळून हसली असती. पण रक्तदाब मोजायच्या यंत्राशेजारच्या खुर्चीत करड्या सुटातले व्हिटलो बसले होते. रेव्हरंडांच्या हातातलं औषधांचं कार्ड देणाऱ्या विमा कंपनीचे तपासनीस. सकाळी न कळवता आले होते, आणि मांडीवर फाईल उघडी ठेवून तिचा शब्द न् शब्द ऐकत होते. मघाशी त्यांनी खिशातून डबी काढली, नखाने एका गोळीचे दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला, दुसरा जपून परत ठेवला. पुन्हा फाईल.

छापील घाऊक भाव नावालाच घाऊक. त्या भावाने कुठल्या दुकानदाराने कधी एक गोळी घेतली नसेल. रेव्हरंडांच्या हृदयाच्या गोळ्यांपुढे यादीत चारशे वीस छापले होते. डेल्फीनला महिन्याची बाटली अकराला पडली होती. पण कार्ड दाखवलं की रुग्णाचा पाचवा हिस्सा निघायचा तो त्या चारशे वीसमधून, आणि दुकानात जमलेले जास्तीचे पैसे कंपनी मागून काढून घ्यायची. तेच कार्ड खिशात राहिलं असतं, तर डेल्फीनने बाटली एकोणीसला दिली असती आणि तिचंही भागलं असतं.

एवढंच सांगायचं होतं. आणि तेवढंच सांगायची बंदी होती. गिऱ्हाइकाने विचारलं तर उत्तर द्यावं, आपण होऊन स्वस्त वाट दाखवू नये, असं कंपनीशी झालेल्या करारात होतं. दाखवली तर करार रद्द. मिसिसिपीतल्या त्या लहानशा गावात निम्म्याहून जास्त लोक तेच कार्ड घेऊन येत. करार गेला की दुकान गेलं.

"राहू दे," रेव्हरंड म्हणाले. "पुढल्या महिन्यात बघू. प्रभू आहे."

ते वळले. डेल्फीन त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. गेल्या रविवारी प्रवचन ऐन रंगात आलं होतं, शब्दांचं गाणं झालं होतं, सगळं चर्च पायांनी ठेका देत होतं, आणि मध्येच त्यांचा श्वास तुटला. छातीला हात लावून ते मंचावरच खाली बसले. लोकांनी ओळ उचलून धरली म्हणून सूर पडला नाही. झील धरणाऱ्यांत डेल्फीन सगळ्यांत पुढे होती. लहानपणापासून तिने त्यांच्यामागे झीलच धरली होती. पहिली ओळ कधी तिची नव्हती.

रेव्हरंडांचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"रेव्हरंड, रविवारच्या त्या माणसाचं काय झालं हो? दारात तहानेला बसलेला?"

ते थांबले. प्रवचनाबद्दल कुणी विचारलं की त्यांना पुढे पाऊल टाकवत नसे.

"काय व्हायचंय. मेला बिचारा तहानेनं."

"घरात पाणी नव्हतं?"

"होतं की. गार पाण्याची बादली भरलेली होती."

व्हिटलोंची लेखणी थांबली. डेल्फीनने डोळे मिटले आणि रविवारच्याच चालीवर, अगदी हळू, ओळ टाकली.

"विचारलं का त्यानं?"

"नाही विचारलं," रेव्हरंडांच्या तोंडून सवयीने, त्याच सुरात आलं. "दारात बसला, नाही विचा..."

सूर अर्ध्यावर राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या माणसाकडे. मग हातातल्या कार्डाकडे. हळूहळू चालत ते परत आले आणि कार्ड खिशात घातलं.

"हे नसतंच माझ्याकडे, तर किती घेतले असतेस?"

"एकोणीस."

त्यांनी एक वीसची नोट ठेवली. बाटली घेतली. उरलेला डॉलर घ्यायलाही थांबले नाहीत. मात्र दाराबाहेर पडताना त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं.

फाईल मिटल्याचा आवाज झाला. व्हिटलो उठून गल्ल्यापाशी आले.

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं," डेल्फीन म्हणाली. तिने वीसची नोट गल्ल्यात सरकवली.

"ऐकलं मी."

त्यांनी खिशातली डबी काढून तिच्यापुढे ठेवली. झाकण उघडं होतं. आत एकही गोळी अख्खी नव्हती.

"कंपनीचं कार्ड माझ्याकडेही आहे, बाई," व्हिटलो खालच्या आवाजात म्हणाले. "ते नसतं, तर याचे किती घेतले असते?"