हलणारी फरशी

"हा आपला फुटपाथ नाहीच," डोळ्यांवरचा व्हीआरचा जाडजूड चष्मा न काढताच बाबा म्हणाले. पाऊल काही उचललं नाही.

लेकीचा चेहरा पडला. घरासमोरच्या फुटपाथवर बाबा पडले, त्याला आता बरेच महिने झाले होते. हाड जुळलं, डॉक्टरांनी खुशाल फिरा म्हणून सांगितलं, पण भीतीने मनात ठाण मांडलं ते मांडलंच. बाबा दारापर्यंत जायचे आणि काहीतरी विसरल्यासारखे परत खुर्चीत येऊन बसायचे. आपला बाप या खुर्चीतच संपणार की काय, असं तिला वाटायचं.

कॉम्प्युटर गेममधल्या भिंती आणि जमिनी बनवणं हे तिचं काम. जमिनीच्या एका तुकड्याचा फोटो घ्यायचा, त्याच्या कडा अशा जुळवायच्या की तोच तुकडा शेजारी शेजारी मांडत गेलं तरी सांधा दिसू नये. तसाच तिने खालचा फुटपाथ या चष्म्यात दिसेल असा बनवला होता. घरातल्या घरात त्यावर चालून बाबांची भीड चेपेल, एवढाच तिचा बेत.

"आपलाच आहे हो बाबा. नीट बघा."

"बघतोय की! सगळ्या फरश्या एकजात शहाण्या. मला पाडलं ती कुठंय?"

तिने जीभ चावली. फुटक्या, हलणाऱ्या फरश्या तिने फोटो काढतानाच टाळल्या होत्या. तशी एक जरी घेतली, तरी ती दर चार पावलांनी पुन्हा समोर येते आणि सगळं सोंग उघडं पडतं. शिवाय नेमकी कोणती, हे तिला ठाऊकही नव्हतं. बाबा पडले तेव्हा ती ऑफिसात होती.

"ती ओलांडली, तर चाललो म्हणायचं," बाबांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. "यावर काय, कुणीही चालेल."

ती कॅमेरा घेऊन तडक खाली गेली आणि फुटपाथवर फतकल मारून बसली. बाबा वर गॅलरीत येऊन उभे राहिले.

"ती नव्हे! डावीकडची!"

"तुमची डावी की माझी?" गाड्यांच्या आवाजात तिने ओरडून विचारलं. येणारे-जाणारे दोघांकडे आळीपाळीने बघू लागले.

"अगं, खांबाच्या अलीकडची! अलीकडची म्हटलं ना!"

तिने आणखी एका फरशीवर कॅमेरा रोखला. वर बाबांनी वैतागून कपाळावर हात मारला आणि ते आत गेले. रुसले वाटतं. तिला रडूच यायचं बाकी होतं. तरी ती एकेका फरशीचा फोटो काढत राहिली.

तेवढ्यात कॅमेऱ्यासमोर घरात घालायची एक सपात आली आणि शेजारच्या फरशीवर दाबली गेली. फरशी खाडकन वाजली.

"ही," भिंतीला धरून धापा टाकत बाबा म्हणाले. "आणि ऊठ आता. फुटपाथ काय बसण्यासाठी असतो?"